नॉरी स्पिंकने न पाहिलेला गोल

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नॉरी स्पिंक आणि त्याची बायको इशबेल शेजारी शेजारी बसून फुटबॉलची मॅच बघतायत, असं आजवर एकदाही घडलं नव्हतं. तो कायम खाली मैदानात, ती कायम वर स्टँडमध्ये. संसार टिकला तो त्यामुळेच, असं इशबेल चारचौघांत खुशाल सांगायची. आज मात्र तो तिच्या डाव्या हाताला लाकडी बाकावर बसला होता, अंत्ययात्रांना घालायचा काळा कोट घालून.

"गुडघा हलवू नकोस," इशबेल म्हणाली. "सगळी रांग हलतेय."

"मी नाही हलवत. तो हलतोय."

"मग सांग त्याला."

नॉरी इन्व्हरकेल ॲथलेटिकचा मॅनेजर. मॅनेजरची जागा खाली, मैदानाच्या कडेला, खेळाडूंच्या बाकापाशी. तिथे आज त्याचा मदतनीस वुल ख्रिस्टी उभा होता, खिशात हात घालून. वुल तसा गुणी माणूस, शहरातल्या निम्म्या घरांचे बॉयलर त्याच्याच हातचे. पण बॉयलर आणि फुटबॉल यांत फरक असा, की बॉयलरसमोर वुलला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. मैदानावर काही ठरवायची वेळ आली की तो आधी नॉरीकडे बघायचा. आज बघायचं म्हटलं तर त्याला मान मागे वळवून वर स्टँडकडे बघावं लागलं असतं, आणि नेमकी त्याचीच मनाई होती.

मनाई झाली ती नॉरीच्या पायामुळे. चार दिवसांपूर्वी, ग्लेनडार्गच्या मैदानावर, खेळ संपत आलेला. एक-एक बरोबरी. ग्लेनडार्गचा पोरगा चेंडू घेऊन कडेच्या रेषेवरून सुसाट निघाला, त्याला अडवायला कुणी नाही, आणि वाटेत, रेषेच्या बाहेर, इन्व्हरकेलचा मॅनेजर उभा. पंचावन्न वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेला, पायात चकचकीत काळे बूट. नॉरीने काही ठरवलं नव्हतं. ही गोष्ट त्याने नंतर लीगच्या लोकांना सांगितली, इशबेलला सांगितली, रस्त्यात भेटेल त्याला सांगितली. ठरवलं नव्हतं, पण पाय गेला. रेषा ओलांडून, जमिनीलगत, घसरत. चेंडू अलगद निघून बाहेर गेला आणि पोराला साधा धक्कासुद्धा लागला नाही. सगळं मैदान गप्प झालं. मग ग्लेनडार्गच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण इतकी स्वच्छ अडवणूक त्यांनी वर्षभरात पाहिली नव्हती. रेफरीने लाल कार्ड काढलं तेव्हा त्यालाही हसू आवरत नव्हतं.

शिक्षा काय, तर पुढच्या मॅचला बाकाजवळ फिरकायचं नाही, ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकायचं नाही, खेळाडूंशी किंवा वुलशी अवाक्षर बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. मॅच संपल्यावर खेळाडू आपणहून बाहेर येईपर्यंत हे चालायचं. आणि ही पुढची मॅच म्हणजे कुठली? तर आजची, पुन्हा ग्लेनडार्गशीच, या वेळी घरच्या मैदानावर. दोन्ही मॅचचे गोल एकत्र मोजायचे, ज्याचे जास्त तो लीगमध्ये, दुसरा बाहेर. इन्व्हरकेल ॲथलेटिक नॉरीच्या पणजोबांच्या वेळेपासून लीगमध्ये होता. तळाला असायचा, पण असायचा. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर निकाल वाचताना सगळ्यात शेवटी का होईना, इन्व्हरकेलचं नाव यायचं. आज हरले तर ते यायचं बंद होणार होतं.

"स्पिंक! काहीतरी कर रे!" मागून कुणीतरी कोकलला.

नॉरी दचकून उभाच राहिला. मागच्या रांगेत डेव्ही बीटी, मासळीबाजारात लिलाव पुकारणारा, आता निवृत्त. गळा मात्र निवृत्त झाला नव्हता.

"डेव्ही, मी इथे आहे. तुझ्या नाकासमोर."

"हो, दिसतोयस ना."

"अजून मॅच सुरूसुद्धा झालेली नाही."

"सवय आहे रे," डेव्ही जरा ओशाळला. "तीन वर्षं तुला ओरडतोय. त्याआधी तू खेळायचास तेव्हाही तुलाच ओरडायचो. आता या वयात नवीन माणूस कुठून आणू?"

"वुलला ओरड."

"वुलला ओरडून काय उपयोग? त्याला वाईट वाटतं."

दोन रांगा सोडून लीगने पाठवलेले निरीक्षक मिस्टर पिरी बसले होते. मांडीवर घडी घातलेला कांबळ्याचा तुकडा, हातात चहाचा थर्मास. नॉरी नियम मोडत नाही ना हे बघायला आले होते, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःलाच अवघडल्यासारखं होत होतं. आल्या आल्या त्यांनी नॉरीशी हात मिळवला होता आणि म्हणाले होते, "अडवणूक मात्र झकास होती, मिस्टर स्पिंक."

मे महिना. गावावर छान ऊन पडलं होतं, बायकांनी स्वेटर काढून कमरेला बांधले होते. समुद्राकडच्या गोलमागे भिंत, भिंतीमागे समुद्र, आणि समुद्रावर सकाळपासून धुकं बसलेलं, धुवायच्या चादरींचा ढीग पडावा तसं. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. इन्व्हरकेलमध्ये धुक्याकडे बघत बसायचं म्हटलं तर दुसरं काही होणार नाही.

"इथून काय करता येतं?" नॉरीने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तू इतकी वर्षं इथे बसून काय करतेस?"

इशबेलने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं थट्टा करतोय. पण नव्हता करत.

"पाई खाते," ती म्हणाली आणि कागदात गुंडाळलेली खिम्याची पाई त्याच्या हातात दिली. "जपून. आत रस्सा आहे."

नॉरी सोळाव्या वर्षी इथून ग्लासगोला गेला होता, मोठ्या क्लबात. तिथे त्याने दोन वर्षं मोठ्या खेळाडूंचे बूट पुसले आणि मग, तू भला मुलगा आहेस असं सांगून त्यांनी त्याला गाडीत बसवून दिलं. परत येऊन तो इन्व्हरकेलसाठी खेळायला लागला, बचावाच्या मधोमध. आभाळातून येणारा प्रत्येक चेंडू त्याने डोक्यावर घेतला. नाक इतक्यांदा मोडलं की शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, आता सरळ करायचं की पुढच्या वेळी एकदम करू? गुडघे संपले तसा तो मॅनेजर झाला. उत्तरेकडच्या एका क्लबने त्याला नारळ दिला तो चेअरमनच्या भाचीच्या लग्नात, केक कापायच्या आधी, जरा बाजूला घेऊन. इशबेलने केक खायला नकार दिला होता, एवढाच काय तो निषेध. दुसऱ्या क्लबातली नोकरी गेल्याचं त्याने गाडी चालवताना रेडिओवर ऐकलं. तिसरा क्लब तर स्वतःच बुडाला. मग इन्व्हरकेलने बोलावलं. आनंदाने नव्हे, दुसरं कुणी येत नव्हतं म्हणून. नॉरीला तेही चालण्यासारखं होतं.

शिट्टी झाली.

पहिल्या अर्ध्या तासात नॉरीला एक गोष्ट कळली. खाली उभं राहून मॅच निम्मीच दिसते. इथून सगळं दिसत होतं, पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं, कोण कुठे आहे, कुठे भगदाड पडलंय, कुणाचे पाय जड झालेत. आणि दिसलेलं सांगायला कुणी नाही.

"डावीकडे जा, डावीकडे," तो पुटपुटत होता.

"मी कशी जाऊ?" इशबेल म्हणाली.

मग कॉर्नर मिळाला. चेंडू वरून आला, गर्दीतून गॉर्डी टॉश वर उठला आणि डोक्याने त्याने तो जाळ्यात घातला. त्याच क्षणी स्टँडमध्ये नॉरीची मानही सटकन पुढे गेली आणि पुढच्या रांगेतल्या बाईची टोपी तिसऱ्या रांगेत जाऊन पडली. कुणाला त्याचं काय! सगळं स्टँड उभं राहिलं. डेव्ही बीटीने नॉरीला मागून मिठी मारली ती अशी, की काळ्या कोटाची एक शिवण उसवली.

"टॉश! अरे टॉश!" डेव्हीच्या डोळ्यांत पाणी. "माझा टॉश!"

"तुझा कधीपासून? तू तर त्याला बैल म्हणायचास," इशबेल म्हणाली.

"बैलच आहे. पण आपला बैल."

टॉश पोस्टमन होता. गावातल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने ओळखणारा, डावीकडे बचावाला खेळणारा, मंद आणि भरवशाचा. गोल करून तो खाली आला तेव्हा सगळे त्याच्या अंगावर पडले. नॉरी मात्र बघत होता. ढीग उठला, टॉश शेवटी उठला, आणि चालताना त्याने डाव्या मांडीला मागून हात लावला. एकदाच, कुणी बघत नाही ना असं बघून. मग पळायला लागला. डावी टाच जमिनीला टेकत नव्हती.

नॉरीच्या तोंडातली पाई कडू झाली.

मध्यंतर झालं. खाली ड्रेसिंग रूममध्ये वुल काय बोलत असेल? शाबास म्हणत असेल. टॉशने त्याला काही सांगितलं असेल का? छे. टॉशला कुत्रा चावला तरी तो आधी पत्र देतो आणि मग पाय बघतो.

"टॉशला बाहेर काढायला पाहिजे," नॉरी म्हणाला.

"सांग मग," इशबेल म्हणाली आणि लगेच ओठ चावला.

मिस्टर पिरींनी थर्मासचं झाकण लावलं आणि समोर बघत राहिले.

दुसरा हाफ सुरू झाला आणि धुकं भिंतीवरून आत आलं. आधी समुद्राकडच्या गोलचे खांब ओलसर दिसायला लागले, मग राखाडी, मग नुसती त्यांची रेघ. स्वेटर परत अंगात गेले. रेफरीने खेळ थांबवला, चेंडू काखेत घेऊन मधल्या वर्तुळात जाऊन उभा राहिला आणि आधी एका गोलकडे, मग दुसऱ्याकडे बघायला लागला. तिथून दोन्ही गोल दिसले तर खेळ चालू, नाही दिसले तर मॅच रद्द. आणि रद्द म्हणजे टॉशचा गोलही रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"दिसतंय!" अख्खं स्टँड ओरडलं. "लख्ख दिसतंय, साहेब!"

"मला तर समोरचा किनारासुद्धा दिसतोय," डेव्हीने ठोकून दिलं. समोरचा किनारा म्हणजे समुद्रापलीकडचा डेन्मार्क.

नॉरीही ओरडला. देवा, दिसू दे त्याला, दिसू दे. रेफरीने मान हलवली आणि शिट्टी वाजवली. खेळ चालू. लोकांनी असा जल्लोष केला की जणू दुसरा गोल झाला.

पण ग्लेनडार्गच्या लोकांनाही डोळे होते. त्यांनी चेंडू उजवीकडून, म्हणजे टॉशच्या बाजूने आणायला सुरुवात केली. एकदा आणला, टॉश अंगाने आडवा गेला. दुसऱ्यांदा आणला, लॅकी डफने, इन्व्हरकेलच्या गोलकीपरने, पुढे येऊन पायावर झडप घातली. नॉरी कोटाची बाही पिरगाळत होता.

"डेव्ही," तो मान न वळवता हळूच म्हणाला. "प्रेक्षकाने काही ओरडायला बंदी नाही ना?"

"मला विचारतोस? माझा जन्म त्यात गेला."

"मग ओरड. वुलला. टॉशला काढ म्हणून."

मिस्टर पिरी खाकरले. "मिस्टर स्पिंक, मी काही ऐकलेलं नाही. पण आणखी एकदा नाही ऐकलं, तर मला ऐकावं लागेल."

डेव्ही उभा राहिला, छाती भरून घेतली आणि मासळीबाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "वुल! टॉशला काढ! टॉशला बाहेर काढ, गाढवा!"

खाली वुलची पाठ हललीसुद्धा नाही.

"वुल! टॉश! काढ त्याला!"

वुलने खिशातून एक हात काढला, डोक्यामागे न बघताच हलवला, जशी माशी उडवावी, आणि परत खिशात घातला.

"ऐकलं तर त्याने," नॉरी म्हणाला. "मग करत का नाही काही?"

डेव्ही खाली बसला. मग म्हणाला, "नॉरी, मी हेच ओरडतो."

"काय?"

"टॉशला काढ. दर मॅचला. तो क्लबात आला तेव्हापासून. तूसुद्धा असाच हात हलवायचास."

नॉरीला आठवलं. हो, हलवायचा. स्टँडमधून कायम काही ना काही येत असायचं, पावसासारखं, आणि मॅनेजर व्हायचं म्हणजे पहिल्यांदा ते न ऐकायला शिकायचं. वुलला हे नॉरीनेच शिकवलं होतं.

"दुसरं कुणी ओरडा," इशबेल म्हणाली. ती उभी राहिली आणि ओरडली, "वुल! टॉशचा पाय! पाय बघ त्याचा!" आयुष्यात मॅचला ती पहिल्यांदा ओरडत होती. पण तिचा आवाज घरातला, हाक मारायचा, मैदानावर ओरडायचा नव्हेच. आणि तोवर बाकीच्यांनाही चेव चढला होता. कुणी म्हणे टॉशला काढ, कुणी म्हणे टॉशला काय झालंय, गोल त्यानेच केलाय, काढायचं तर त्या लाल केसवाल्याला काढ. त्या गोंधळात इशबेलचं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ती खाली बसली. तिचा चेहरा लाल झाला होता.

तेवढ्यात तिसऱ्यांदा चेंडू त्याच बाजूने आला. या वेळी टॉश वळलाच नाही, वळता आलं नाही. नॉरीला धुक्यातून पुसट दिसलं, पाठमोरा टॉश, त्याच्या बाजूने निघून गेलेला ग्लेनडार्गचा निळा शर्ट, आणि लॅकीच्या हातांखालून गेलेलं काहीतरी पांढरं.

एक-एक. एकूण दोन-दोन.

आता टॉश आपणहून खाली बसला. त्याला दोघांनी खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. वुल त्याच्याजवळ गेला, वाकला, काही बोलला, आणि मग त्याने ते केलं जे करायचं नव्हतं. तो वळला आणि त्याने वर स्टँडकडे बघितलं. नॉरीला शोधत. मधे धुकं, दहा पावलांवर वुलचा चेहरा, पांढराफटक. त्याने दोन्ही हात पसरले. आता काय करू?

नॉरीला उत्तर माहीत नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी होतं. त्यानेही हात पसरले.

मिस्टर पिरींनी ते पाहिलं. त्यांनी खिशातला पेन काढला, हातात धरला आणि परत ठेवून दिला.

मग धुकं खऱ्या अर्थाने आलं. समुद्राकडचा गोल गेला, मधलं वर्तुळ गेलं, वुल गेला. पुढच्या रांगेतली टोपी तेवढी दिसत होती. मॅच आता कानांनीच चालली होती. बुटाची चेंडूवर थाप पडल्याचा आवाज, कुणाचं तरी 'माझा, माझा', शिट्टी, शिवी. कधी धुक्यातून एखादा खेळाडू पळत बाहेर यायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि परत आत जायचा, चुकीच्या घरात शिरलेल्या माणसासारखा.

आता काय मागावं हेच नॉरीला कळेना. थांबवावी मॅच? थांबवली तर पुन्हा पहिल्यापासून, टॉशशिवाय. चालू द्यावी? चालू काय आहे तेच दिसत नाही.

"जा खाली," इशबेल त्याच्या कानाशी म्हणाली. "कोण बघतंय? पिरीला स्वतःचे बूट दिसत नाहीयेत. जा, वुलच्या शेजारी उभा राहा."

नॉरी उठला. खरंच उठला. कठड्यापर्यंत गेला, तिथून खाली उतरायला तीन पायऱ्या. हात कठड्यावर ठेवला, कठडा ओला होता. खाली जाऊन तो वुलला काय सांगणार होता? टॉश बाहेर गेल्यापासून इथून त्याने काय पाहिलं होतं, जे वुलला दिसलं नव्हतं? काहीच नाही. आणि खाली जाऊन तरी कुणाला काय दिसणार होतं? नियमाची भीती असती तर त्याला बरं वाटलं असतं. निदान कारण तरी असतं. तो तिथे उभा राहिला आणि मग परत येऊन बसला.

इशबेलने सरकून त्याला जागा करून दिली. त्याचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला आणि धरून ठेवला.

"तुझं नाक पहिल्यांदा मोडलं तेव्हा मी इथेच बसले होते," ती म्हणाली. "तू खाली पडलास आणि उठेनास. मला पायऱ्या उतरू देत नव्हते. तेव्हा या खांबाच्या रंगाचे किती पापुद्रे सुटलेत ते मी मोजलं."

"किती होते?"

"कुणाला आठवतंय."

समुद्राकडच्या गोलजवळ एकदम शिट्टी वाजली. त्यामागून आवाज आला. ओरडण्याचा, पण थोड्याच माणसांचा. ग्लेनडार्गहून तीन बसगाड्या भरून आलेल्या माणसांचा.

स्टँडमध्ये कुणी हललं नाही.

"कुणाचा?" डेव्ही म्हणाला. "कुणाचा झाला? आपण कुठल्या बाजूला खेळतोय?"

दुसऱ्या हाफमध्ये समुद्राकडचा गोल लॅकी सांभाळत होता. हे सगळ्यांना माहीत होतं, डेव्हीलाही.

लाउडस्पीकर खरखरला. "गोल," घोषणा करणारा म्हणाला आणि थांबला. तोही स्टँडच्या छतावरच्या खोलीतच बसलेला, त्याला तरी काय दिसणार. "ग्लेनडार्ग. ज्याने कुणी केला असेल त्याने."

आणि मग स्टँडमध्ये जी आरडाओरड सुरू झाली, ती चर्चला जाणाऱ्या माणसांच्या तोंडची म्हणून सांगणं बरं नाही. "काही दिसत नाहीये! रेफरी! आंधळा आहेस का, काही दिसत नाहीये!" मघाशी ज्यांना डेन्मार्क दिसत होता त्यांना आता स्वतःचा हात दिसेना. नॉरी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. रद्द कर. रद्द कर रे बाबा. रेफरी पुन्हा मधल्या वर्तुळात गेला असावा. खेळ थांबल्यासारखा वाटला. धुकं जरा, अगदी जरा, विरळ झालं, आणि त्यांना तो दिसला. एकटा उभा असलेला बारीक माणूस, आधी इकडे बघणारा, मग तिकडे. बराच वेळ बघत होता. प्रामाणिक माणूस होता. त्याला दोन्ही गोल दिसले.

खेळ चालू झाला आणि दोन-एकवरच संपला, आणि इन्व्हरकेल लीगबाहेर. मधल्या वेळात काय झालं ते इन्व्हरकेलमध्ये कुणीही सांगू शकत नाही.

लोक लगेच गेले नाहीत. आणखी काही होईल अशी वाट बघत बसून राहिले. डेव्ही बीटीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "स्पिंक," तो म्हणाला, या वेळी हळू.

नॉरी स्टँडच्या मागे, ड्रेसिंग रूमच्या दारापाशी आला. दारात मिस्टर पिरी.

"मिस्टर स्पिंक, खेळाडू बाहेर आल्याशिवाय नाही. मला माफ करा."

"माझी पोरं आहेत आत."

"माहीत आहे."

"मी काही बोलणार नाही. नुसता उभा राहीन."

"माहीत आहे हो," मिस्टर पिरी म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, पण दारातून ते हलले नाहीत. त्यांचंही काही चालत नव्हतं.

बाजूच्या भिंतीत आंघोळीच्या खोलीची खिडकी होती, दुधी काचेची, वरून थोडी उघडी. नॉरी तिच्याखाली जाऊन उभा राहिला. आत पाणी वाहत होतं. कुणी बोलत नव्हतं. वुलचा आवाज एकदा आला, "मुलांनो," आणि मग नाही आला. मग टॉश रडायला लागला, मोठ्याने, हुंदके देत, आणि कुणीतरी "अरे, पुरे, अरे गॉर्डी" म्हणायला लागलं आणि म्हणता म्हणता तोही. नॉरीने भिंतीला हात टेकला. भिंत आतल्या वाफेने कोमट लागत होती.

पहिला बाहेर आला तो लॅकी डफ. हातमोजे अजून तसेच हातात. अडतिसाव्या वर्षी आणखी खेळणार नव्हता तो, हे सगळ्यांना माहीत होतं. सोमवारपासून भावाच्या धुरीघरात मासे धुराला टांगायला जायचं होतं. तो नॉरीशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

"बॉस."

"लॅकी."

"दुसरा गोल," लॅकी म्हणाला. "चेंडू मला उशिरा दिसला. एकदम समोर आला, धुक्यातून. मी रेषेवर थांबलो. बाहेर यायला हवं होतं का?"

नॉरीने कोटाची उसवलेली शिवण चाचपली.

"बाहेर आलो असतो तर कदाचित अंगावर घेतला असता. किंवा तो डोक्यावरून गेला असता. मला कळत नाहीये. तिथे दुसरं कुणी नव्हतं, मी आणि तो. कुणाला विचारू? तू सांग. तू म्हणशील ते मी धरून चालेन."

आयुष्यभर नॉरीने पोरांना हेच सांगितलं होतं, कुठला गोल कुणाचा. तोंडावर सांगायचा, कधी टोचून, कधी शिव्या घालून, पण खोटं कधी नाही. पोरं त्याला वचकून असायची ती त्यासाठीच.

"नाही," तो म्हणाला. "बाहेर यायचं नव्हतं. थांबलास ते बरोबर केलंस. तुझी चूक नव्हती."

लॅकीने त्याच्याकडे पाहिलं. "तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"स्टँडमधून?"

"स्टँडमधून."

लॅकी बराच वेळ धुक्याकडे बघत राहिला. भिंतीपलीकडे समुद्र होता, त्याचा आवाज येत होता, दिसत नव्हता. मग त्याने दाताने एक हातमोजा सोडवला, मग दुसरा, आणि दोन्ही काखेत धरले.

"बरं," तो म्हणाला. "मग बरं."

त्याचा विश्वास बसलेला नाही, हे नॉरीला दिसलं. आज दुपारनंतर नॉरीला स्वच्छ दिसलेली ती एकच गोष्ट होती. तरी लॅकीने मान हलवली, 'बरं' असं आणखी एकदा म्हणाला, आणि बस थांब्याच्या दिशेने चालायला लागला. नॉरीला त्याला हाक मारायची होती. पण हाक मारून सांगायचं काय, ते सुचेपर्यंत लॅकी दिसेनासा झाला होता.

आत पाणी बंद झालं. मिस्टर पिरी अजून दारात उभे होते. इशबेल हातात नॉरीची अर्धवट खाल्लेली पाई घेऊन वळणावरून येत होती, आणि बाकीचे खेळाडू काही केल्या बाहेर येत नव्हते.